मदत हवी आहे: बीएमपीआर-२ बंद केलं, तरी पट्टी काळीच!

नमस्कार. पीएच.डी.चं दुसरं वर्ष आहे. विषय: पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन जैविक पातळीवर नेमकं कशामुळे होतं. वाचकांसाठी एका ओळीत: दंडाला पट्टा बांधून मोजतो ते हे बीपी नव्हे. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसात जाणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होत जातात, पोकळी बुजते आणि उजवा कप्पा ढकलून ढकलून दमतो.

२००० साली या आजारामागचं जनुक सापडलं: बीएमपीआर-२. त्यातून पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन, बनतं. आजार घराण्यात असलेल्या रुग्णांपैकी ७० ते ८० टक्क्यांमध्ये त्यात बिघाड दिसतो. पण तो बिघाड असलेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही: बायकांमध्ये सुमारे ४२ टक्के, पुरुषांमध्ये १४ टक्के. म्हणजे आणखी एक धक्का लागतो. तो दाहाचा असावा, असं माझं गृहीतक. पण तिथवर पोचायच्या आधीच गाडी अडली आहे.

मानवी फुप्फुस-धमनीच्या एंडोथेलियल (आतल्या अस्तराच्या) पेशींमध्ये एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) देऊन बीएमपीआर-२ दाबलं. क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची चाचणी) ८० टक्के घट, छान. ४८ तासांनी बीएमपी-९ (या रिसेप्टरला जागं करणारं प्रथिन) दिलं, मिलीलीटरला १० नॅनोग्रॅम, एक तास. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) फॉस्फो-स्मॅड १/५ ची, म्हणजे निरोप पेशीत पोचल्याची, पट्टी फिकी व्हायला हवी होती; ती कंट्रोलइतकीच (जनुक न दाबलेल्या पेशींइतकीच) काळी कुळकुळीत. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. गाईड म्हणतात, "ट्यूब अदलाबदल झाल्या असतील." झालेल्या नाहीत, हो! प्रगती सेमिनार तीन आठवड्यांवर आलाय. जाणकारांनी सांगावं, मी कुठे चुकतेय?

प्रतिसाद १
बीएमपी-९ दिलंच नाही, असा नमुना चालवलात का? आणि पेशी सीरममध्येच (माध्यमात घालतात तो रक्तातला द्रव) होत्या ना?

धागाकर्ती
हो, नेहमीच्याच माध्यमात. बीएमपी-९ न दिलेला नमुना एकदाच चालवला. पट्टी त्यातही होती, मला वाटलं अँटिबॉडी घाण देतेय.

प्रतिसाद १
अँटिबॉडी बिचारी निर्दोष आहे. सीरममध्ये बीएमपी-९ मुळातच असतं, त्यामुळे तुमच्या पेशी तुम्ही हात लावायच्या आधीपासून जाग्या आहेत. त्यावर १० नॅनोग्रॅम म्हणजे पूर. एंडोथेलियल पेशींना पन्नासेक पिकोग्रॅमलाच निम्मा प्रतिसाद येतो. काही तास सीरम अगदी कमी करा (रात्रभर उपाशी ठेवलंत तर या पेशी रुसतात, गळून पडतात) आणि डोस उतरत्या क्रमाने लावा. एकूण स्मॅड-१ ची पट्टी शेजारी हवीच. आरएनए घटला म्हणजे प्रथिन घटलं असं नाही, तेही तपासा.

प्रतिसाद २
वरच्याला +१. पण एवढ्याने सुटेलच असं नाही. या पेशींत बीएमपीआर-२ गेलं की ॲक्टिव्हिन रिसेप्टर २ए त्याच्या जागी उभा राहतो आणि बीएमपी-९ चा निरोप पुढे जातच राहतो. मला यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने: २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोटाटरसेप्ट हे या आजाराचं औषध याच रिसेप्टरच्या बाहेरच्या तुकड्यापासून बनवलंय आणि ते ॲक्टिव्हिन या प्रथिनाला पकडून ठेवतं. तेव्हा तुमची 'न हललेली' पट्टी फेकू नका. आणि गाईड थेट रॅटवर जा म्हणाले तर तूर्तास टाळा. शुगेन-हायपॉक्सियात (रॅटमध्ये हा आजार घडवायची पद्धत) तीन आठवडे १० टक्के ऑक्सिजनमध्येच जातात, तोवर सेमिनार उरकलेला असेल.

प्रतिसाद ३
अवांतर: बायकांमध्ये जास्त का?

धागाकर्ती
इस्ट्रोजेनवर संशय आहे, पण कोडं आहे. आजार बायकांना जास्त होतो, मात्र झाल्यावर उजवा कप्पा त्यांचाच जास्त टिकतो.

ताजी खबर: चार तास सीरम कमी ठेवलं. बीएमपी-९ न दिलेल्या नमुन्यातली पट्टी जवळजवळ गेली! ५० पिकोग्रॅमला बीएमपीआर-२ दाबलेल्या पेशींत पट्टी स्पष्ट फिकी आहे, पण पुसली गेलेली नाही. प्रतिसाद २ यांचं म्हणणं खरं दिसतंय. गाईडना फिल्म दाखवली, ट्यूबांचा विषय निघाला नाही.

आता दोन्ही रिसेप्टर एकत्र दाबायचेत. दोन एसआयआरएनए एकाच वेळी द्यायचे तर प्रत्येकाचं प्रमाण निम्मं ठेवायचं का? आणि कंट्रोललाही तेवढाच एकूण एसआयआरएनए द्यायचा ना? कोणी केलं असेल तर कृपया लिहा.