दुर्गम पाड्यांना सौर संच पुरेसा आहे काय?

चर्चेतील मूळ मत: डोंगरातल्या चार घरांसाठी खांब उभारणे ही पैशाची नासाडी आहे, सौर संच दिला की प्रश्न मिटतो.

सातपुडावासी: हे वाचून राहवले नाही. घरोघरी वीज देण्याच्या केंद्राच्या सौभाग्य योजनेत, २०२२ मध्ये ती बंद होईपर्यंत, अशा घराला २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, पाच दिवे आणि एक पंखा मिळत असे. त्यावर ना गिरणी चालते, ना मोटार. धडगाव तालुक्यात माझ्या मामांच्या पाड्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात बॅटरी बसली, पाच वर्षांच्या देखभालीची अट कागदावरच राहिली आणि आता त्या पेटीवर कोंबडी अंडी घालते.

निवृत्त तंत्रज्ञ: देखभाल झाली नाही म्हणून सौर वीजच टाकाऊ ठरवू नका. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचा सामायिक प्रकल्प उभा राहिला, घरोघरी मीटर बसले आणि कारभार गावाच्याच न्यासाकडे राहिला. घाटात झाड पडून तार तुटली की बिघाड शोधत आम्ही भर पावसात दिवसदिवस चाललो आहोत; तोवर गाव अंधारातच असे.

वऱ्हाडकर: बिहारमधील धरनईत २०१४ मध्ये १०० किलोवॅटचा प्रकल्प झाला, तरी लोकांनी मुख्यमंत्र्यांकडे ‘असली बिजली’च मागितली. पुढे स्वस्त सरकारी वीज आली आणि प्रकल्प बंद पडून तिथे गुरे बांधली गेली.

सातपुडावासी: मग आम्हाला ती का नाही? वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार, एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे लागत असतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर वीजवाहिनी नेता येते. आमचा ठराव मात्र टेबलांवरच फिरतो आहे.

वनप्रेमी: विदर्भात वीजवाहिनीवर आकडे टाकून शिकारीसाठी सोडलेल्या तारांनी वाघ मेले आहेत, हेही लिहा.

सातपुडावासी: त्या शिकाऱ्यांची शिक्षा आमच्या लेकरांनी का भोगायची? रात्री विंचू चावला तर चिमणीच्या उजेडात जखम शोधावी लागते, ताई!

वनप्रेमी: तो त्रास मी नाकारत नाही. जंगलातून जाणारी वाहिनी किमान इन्सुलेटेड केबलची असावी, एवढा आग्रह मात्र सोडणार नाही.

निवृत्त तंत्रज्ञ: केबल महाग पडेल, पण ती मागणी रास्त आहे. गिरणीचेही मान्य करतो. घरगुती संचावर ती चालणार नाही. तरीही ठराव मंजूर होईपर्यंत सामायिक प्रकल्प मागा आणि बॅटरी बदलण्याचा निधी पहिल्या महिन्यापासून गावाच्या खात्यात जमा करा.

सातपुडावासी: मागू, पण खांबांचा अर्ज मागे घेणार नाही.