शाळेतील आत्महत्या-प्रतिबंध कार्यक्रमामुळे अपाय होऊ शकतो का?

एडिसनवासी: आमची मुलगी न्यू जर्सीतील एका हायस्कूलमध्ये नववीत आहे. शाळा पुढच्या महिन्यात सगळ्या नववीला एकत्र सभागृहात बसवून आत्महत्या-प्रतिबंधाचा कार्यक्रम करणार आहे, त्याआधी एक प्रश्नावली भरून घेणार आहे, आणि दोन्हींसाठी संमतीपत्र घरी आले आहे. मुलगी गेल्या वर्षी तीव्र नैराश्यातून गेली असून अजून थेरपिस्टकडे जाते. हे सारे ऐकून जखमेवरची खपली निघेल, अशी भीती वाटते. सही करावी का?

मेघना: आपली शंका रास्त आहे, आणि तिचा अभ्यास आपल्याच राज्यात झालेला आहे. डेव्हिड शॅफर व सहकाऱ्यांनी न्यू जर्सीतील नववी-दहावीच्या मुलांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलांची मते अशा कार्यक्रमांनी फारशी बदलली नाहीत. उलट इतरांपेक्षा त्यांनाच कार्यक्रमाचा जास्त त्रास झाल्याची चिन्हे दिसली. त्या काळचे बहुतेक अमेरिकी कार्यक्रम आत्महत्येकडे अतिताणाची प्रतिक्रिया, कोणावरही येऊ शकणारी वेळ म्हणून पाहत आणि मानसिक आजाराविषयी बोलणे टाळत. कलंक कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता, पण आधीच खचलेल्या मुलाला तो मार्ग स्वाभाविक वाटू लागण्याचा धोका त्यात होता.

प्रश्नावलीची गोष्ट वेगळी आहे. मॅडेलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर चाचणी घेऊन २००५ मध्ये दाखवून दिले की, आत्महत्येविषयी थेट विचारल्याने मुलांची अस्वस्थता वा तसे विचार वाढत नाहीत, आणि नैराश्यग्रस्त मुलांचेही त्याने बिघडत नाही. त्यामुळे केवळ विचारण्याला मी घाबरणार नाही.

शालेय समुपदेशक: मेघनाताईंशी सहमत आहे, परंतु विचारल्यानंतर काय होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी हायस्कूलांतील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, २९ टक्के मुले जोखमीची ठरली. एवढ्या मुलांचा पाठपुरावा कर्मचाऱ्यांना झेपेना आणि अखेर शाळांनी ती तपासणी बंद केली. मनातले लिहून द्यायचे आणि मग आठवडाभर कोणी विचारायलाही येत नाही, हा अनुभव त्या मुलाला पुढच्या वेळी गप्प बसवतो. म्हणून सही करण्याआधी शाळेला विचारा: उत्तरे त्याच दिवशी कोण वाचणार, आणि मुलीला बोलवायचे झाल्यास भर वर्गातून नाव पुकारून बोलावणार का?

प्रशांत: सगळेच कार्यक्रम निष्फळ ठरतात असे नाही. युरोपातील दहा देशांत ११,११० विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेल’ चाचणीत, मुलांनाच भूमिका वठवायला आणि चर्चा करायला लावणाऱ्या उपक्रमानंतर वर्षभरातील आत्महत्येचे प्रयत्न तुलना-गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच चाचणीत केवळ शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा तसा परिणाम दिसला नाही. सभागृहात एकदाच व्याख्यान होणार असेल, तर त्यात नेमके काय दाखवणार हे आधी मागून घ्या.

एडिसनवासी: सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नावलीसाठी सही करते. सभागृहातील कार्यक्रमाची रूपरेषा शाळेकडे मागितली आहे; ती थेरपिस्टला दाखवून, मुलीलाही विचारून मगच ठरवेन. तोवर ९८८ हा मदतक्रमांक तिच्या फोनमध्ये तिच्यासमोर बसूनच नोंदवून ठेवते.