चार तासांचं मानधन आणि कायमचा आवाज

आवाजवाली, मुंबई

अठरा वर्षं डबिंग करतेय. मालिका, कार्टून, जाहिराती, परदेशी सिनेमांच्या हिंदी आवृत्त्या. गेल्या महिन्यात एका स्टुडिओत चार तासांच्या शिफ्टसाठी माइकपुढे उभं राहण्याआधी करार हातात आला. त्यात एक ओळ होती: आवाज 'सध्याच्या व भविष्यात येणाऱ्या सर्व तंत्रांसाठी, कायमस्वरूपी' वापरता येईल. मी विचारलं, म्हणजे एआयला शिकवायलाही? कोऑर्डिनेटर म्हणाला, "ताई, सगळेच सही करतात." घरभाडं तोंडावर होतं. मी सही केली. तेव्हापासून ती ओळ डोक्यातून जात नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. नवीन मुलं आमच्याकडे 'क्राउड'पासून सुरुवात करतात. बाजारातला गलका, वरातीतला आरडाओरडा, "पकडा, पकडा!" मी तीन वर्षं गर्दीतच ओरडले. पण त्याच वेळी काचेपलीकडून बघत होते, ज्येष्ठ कलाकार श्वास कुठे घेतात, पडद्यावरचे ओठ मिटायच्या आत वाक्य कसं संपवतात. आता गर्दी यंत्रातून येऊ लागली आहे. आम्ही मुरलेली माणसं काही वर्षं तग धरू, पण दहा वर्षांनी मुरलेलं माणूस येणार कुठून?

माझं म्हणणं सरळ आहे. आवाजाची नक्कल करायची असेल तर वेगळी परवानगी घ्या आणि प्रत्येक वापराचे वेगळे पैसे द्या. तुम्हाला काय वाटतं?

शिवारातला कॅमेरा

ताई, राग मानू नका, पण यात मराठीचं कोणतं काम गेलं? हॉलिवूडचा मोठा सिनेमा इथे इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगूत लागतो. मराठीत क्वचितच. कारण वर्षानुवर्षं एकच, 'मराठी माणसाला हिंदी कळतं'. मी शेतीवर छोटे माहितीपट करतो. ठिबक, माती परीक्षण यांवर बाहेरच्या भाषांत उत्तम साहित्य आहे. त्याला मराठी आवाज द्यायचा म्हणजे स्टुडिओचं भाडं, कलाकार, मिक्सिंग. तेवढे पैसे माझ्याकडे कधीच नव्हते. आता एका संध्याकाळी काम होतं आणि शेतकरी ते ऐकतो. जे काम कुणाला मिळणारच नव्हतं ते यंत्रानं केलं, तर पोटावर पाय कुणाच्या आला?

ऐकून वाचणारा, नाशिक

मला जन्मापासून दिसत नाही. ब्रेलमधली मराठी पुस्तकं मोजकी. ध्वनिमुद्रित पुस्तकं स्वयंसेवकांच्या सवडीनं मिळायची. स्पर्धा परीक्षेचा अर्धा अभ्यास मी मोबाइलच्या यांत्रिक आवाजावर केला. आजचा आवाज तासन्‌तास ऐकता येतो. माझ्यासाठी ही चैन नाही, हेच माझं वाचन आहे. तेव्हा यंत्राचा आवाजच नको, असं कृपा करून कुणी म्हणू नका.

तरी एक सांगतो. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' आपण सारखेच लिहितो, बोलतो वेगळे. दुनिया म्हणजे 'जग' आणि 'तू जग' मधला 'जग', तेही तसंच. यंत्र इथे अडखळतं. हा फरक त्याला कुणाच्या तरी जिवंत उच्चारातूनच शिकावा लागणार. त्या माणसाला पैसे मिळाले का, हे मला जाणून घ्यायचं आहे. तो आवाज रात्रंदिवस माझ्या कानात असतो.

फ्लेक्सवाला, कोल्हापूर

माझे बाबा सिनेमाचे बॅनर रंगवायचे. वीस-वीस फुटी चेहरे, शिडीवर चढून. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम बंद. मी त्याच फ्लेक्सचं दुकान टाकलं, त्यावर बहिणीचं लग्न केलं. बाबा रुसले होते, मग येऊन बसायला लागले. तंत्र कुणासाठी थांबत नाही. करारावर भांडण्यापेक्षा स्वतःच्या आवाजाची नक्कल स्वतः करा आणि स्वतःच भाड्यानं द्या.

आवाजवाली

दादा, तुमच्या बाबांविषयी वाचून गलबलून आलं. पण फ्लेक्सच्या यंत्रानं त्यांचा हात उचलून नेला नव्हता. त्यांच्याच ब्रशच्या फटकाऱ्यानं, त्यांना न विचारता, नवे चेहरे रंगवले नव्हते. इथे माझ्याच आवाजातून माझी बदली तयार होते. आणि स्वतः भाड्यानं द्यायचा तरी कसा? त्या ओळीवर सही करून घेतात, ती तो हक्क माझ्याकडे उरू नये म्हणूनच.

शिवारवाले दादा, तुमच्या माहितीपटाला माझा विरोध नाही. तुम्ही वापरता तो आवाज देणारीला विचारलं होतं का, एवढाच माझा प्रश्न.

मडगावकर

आमचे आजोबा मुंबईत हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या अरेंजरांनी त्या गाण्यांचं वाद्यवृंदाचं अंग घडवलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विसांकडेच. पैसे शिफ्टवर, नाव बहुतेकदा कुठेच नाही. पुढे सिंथेसायझर आला आणि एका कीबोर्डवर अख्खा व्हायोलिनचा ताफा वाजू लागला. आजोबा गावी परतले. गाणी आजही वाजतात, पैसे आजही कुणी तरी कमावतं, पण वाजवणाऱ्याच्या घरी छदामही येत नाही. कागदावर काहीच नव्हतं, म्हणून मागायचं कुणाकडे? ताईंचा कागदाचा आग्रह मला शंभर टक्के पटतो.

काळा कोट

थोडं कायद्याचं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशानं रोखलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण मिळालं. पण हे आदेश प्रसिद्ध व्यक्तींसाठी आहेत, त्यांचा पाया त्या व्यक्तींच्या प्रसिद्धीत आहे. डबिंग कलाकाराचा आवाज लाखो लोक ओळखतात, नाव कुणालाच ठाऊक नसतं. त्यात वर करारावर सही. म्हणून लढाई न्यायालयाआधी करारातच लढायला हवी.

अमेरिकेत २०२३ मध्ये अभिनेत्यांनी ११८ दिवस संप केला, तेव्हा डिजिटल नकलेसाठी संमती आणि मोबदला करारात आला. व्हिडिओ गेमला आवाज देणाऱ्यांना त्यासाठी जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर लढावं लागलं. आपल्याकडेही २०२४ मध्येच ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज वापरले, ते कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. म्हणजे इच्छा असली की जमतं.

लालबागचा

संपाचा दाखला मुंबईत देताना १८ जानेवारी १९८२ विसरू नका. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, परत किती गेले? गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. मालकाला माणसाची गरज उरली नसेल तर संपाला धार नसते. आज तुम्ही काम थांबवलंत तर स्टुडिओ आनंदानं यंत्राकडे जाईल.

आवाजवाली

ही भीती खरी आहे, मलाही वाटते. म्हणून संप म्हणत नाही. आमच्या गटातल्या अकरा जणींनी ठरवलंय की ती ओळ दिसली की खोडायची आणि बाजूला पेनानं लिहायचं, 'फक्त या मालिकेपुरतं. एआय प्रशिक्षणासाठी नाही.' दोघींनी केलं. एकीला काम मिळालं, दुसरीला "कळवतो" म्हणून सांगितलं, अजून फोन नाही.

नाशिकच्या दादांना: 'जरा' आणि 'जग'सारखे शब्द काढून मला यादी पाठवा. योग्य उच्चार ध्वनिमुद्रित करून तुम्हाला देते, त्याचे पैसे नकोत. माझी परवानगी लेखी देते.

उद्या अकरा वाजता माझी शिफ्ट आहे, त्याच स्टुडिओत. पेन पर्समध्ये ठेवलंय. काय होतं ते इथेच लिहीन.