बॅकरा: हाऊस एज एक टक्का म्हणतात, मग माझे पाऊण पैसे गेले कुठे?

पुणेकर_वाटसरू

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात ऑफिसातले आम्ही पाच जण गोव्याला गेलो होतो आणि एक रात्र पणजीला मांडवीत उभ्या असतात त्यातल्या एका कॅसिनो बोटीवर काढली. मला तीन पत्ती येते, रमी येते, बॅकरा (बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर पैसे लावायचा पत्त्यांचा खेळ) मात्र पहिल्यांदाच बघितला. एक मित्र म्हणाला डोकं चालवू नकोस, गपचूप बँकरवर टाकत जा, हाऊस एज, म्हणजे कॅसिनोचा सरासरी वाटा, फक्त १.०६ टक्के आहे, म्हणजे दहा हजार घेऊन बसलास तर फार तर शंभर-सव्वाशे जातील. पटलं मला. दहा हजाराच्या चिप्स घेतल्या, ५०० चा डाव, चार तास बसलो. प्रत्येक डावाला टायवर, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीत सुटतील यावर, पण १०० टाकत होतो कारण टेबलवर ८ ला १ लिहिलेलं, म्हटलं एकदा लागला तर आठ डावांचे वसूल. उठलो तेव्हा हातात २,३०० च्या चिप्स होत्या.

आता पैसे गेले ते गेले, पण हिशोब लागत नाहीये त्याने जास्त अस्वस्थ झालोय. एक टक्का म्हणजे नक्की कशाचा एक टक्का? आणि बँकरवर जिंकलो की डीलर ५ टक्के कापून द्यायचा, प्लेअरवर जिंकणाऱ्याला पूर्ण, असं का? शिवाय तिथे स्क्रीनवर लाल-निळ्या गोलांच्या रांगा होत्या, लोक त्या बघून बेट लावत होते, आणि आमच्यातला एक जण हरला की डबल करत होता, तो म्हणतो ही पद्धत फेल जाऊच शकत नाही. कोणी जाणकार नीट समजावून सांगेल का, शाळेतल्या गणितासारखं सांगितलं तरी चालेल.

गणित_मास्तर

भाऊ, प्रश्न चांगला विचारलात, कारण हाऊस एजबद्दल निम्म्याहून जास्त लोकांचा हाच गैरसमज असतो. तो टक्का तुम्ही घरून नेलेल्या पैशावर नसतो, टेबलवर ठेवलेल्या प्रत्येक रुपयावर असतो, आणि तोच रुपया तुम्ही रात्रभर परत परत ठेवत असता.

तासाला ६० डाव धरा. चार तासांचे २४० डाव, प्रत्येकी ५००, म्हणजे बँकरवर तुम्ही एकूण १,२०,००० रुपये लावलेत, खिशात दहाच हजार होते तरी. त्याचे १.०६ टक्के होतात १,२७२. हा झाला मुख्य बेटचा सरासरी तोटा.

आता टाय, खरं दुखणं तिथे आहे. आठ जोड पत्त्यांच्या खेळात दहा हजार डाव वाटले तर सरासरी ४,५८६ बँकर जिंकतो, ४,४६२ प्लेअर जिंकतो आणि ९५२ टाय होतात. म्हणजे टाय न होण्याचं आणि होण्याचं प्रमाण साधारण साडेनऊला एक आहे आणि तुम्हाला मिळतात आठला एक. हा मधला दीड कॅसिनोचा. १०० रुपयांच्या हजार डावांचा हिशोब करून बघा: ९५ वेळा ८०० मिळाले म्हणजे ७६,०००, ९०५ वेळा १०० गेले म्हणजे ९०,५००, तोटा १४,५०० च्या आसपास. बारीक दशांश धरून हा एज १४.३६ टक्के येतो. तुम्ही २४० डावांत टायवर २४,००० लावलेत, त्याचे झाले ३,४४६. बघा, ५०० च्या बेटने सरासरी बाराशे-तेराशे नेले आणि त्या हौसेच्या १०० रुपयांनी त्याच्या अडीचपटीहून जास्त. काही ठिकाणी टायला ९ ला १ देतात, तिथे एज ४.८४ वर येतो, तरी बँकरच्या चौपटीहून जास्तच. आणि दोन पत्त्यांची जोडी लागली तर ११ ला १ देतात ती पेअरची बेट १०.३६ टक्क्यांची आहे, तिलाही हात लावू नका.

दोन्ही मिळून तुमचा अपेक्षित तोटा ४,७१८. गेले ७,७००. वरचे तीन हजार निव्वळ नशिबाचे, त्यात काही गडबड झालीय असं समजू नका, एवढ्या डावांत सात-आठ हजार इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. हीच गोष्ट उलटीकडून पण बघा, तेच लोकांना फसवतं: नुसतं बँकरवर ५०० लावून २४० डाव खेळणाऱ्या शंभर लोकांपैकी साधारण बेचाळीस-त्रेचाळीस जण त्या रात्री फायद्यात उठतात! ते गावी येऊन सांगतात की जमतं म्हणून. तेच लोक अशा दहा रात्री खेळले तर फायद्यात उरतात साधारण एकोणतीस, पन्नास रात्रींनंतर दहा-अकरा. एज तेवढाच राहतो, फक्त डाव वाढत जातात तसं नशीब पातळ होत जातं.

सावंतवाडीचो_झील

मी बोटीवर साडेचार वर्षं डीलर होतो, आता सोडलं, गावीच दुकान टाकलंय. मास्तरांनी आकडे बरोबर दिलेत, मी ५ टक्क्यांचं सांगतो कारण हा प्रश्न मला टेबलवर रोज कोणीतरी विचारायचाच आणि डावाच्या गडबडीत नीट उत्तर देता यायचं नाही.

बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. ती नुसती नावं आहेत दोन बाजूंची, दोन्हीवर तुम्हीच पैसे लावता. फरक एवढाच की आधी प्लेअरची बाजू पूर्ण होते आणि बँकर नंतर पत्ता घेतो. पहिल्या दोन पत्त्यांचे गुण ८ किंवा ९ झाले तर तिथेच निकाल. नाहीतर प्लेअर ५ पर्यंत असेल तर तिसरा पत्ता घेतो, ६-७ ला थांबतो, त्याला दुसरं काही बघायचं नसतं. बँकरचा नियम मात्र प्लेअरला तिसरा पत्ता कुठला आला त्यावर ठरलेला आहे. समजा बँकरकडे ५ आहेत: प्लेअरला तिसरा २ आला असेल तर बँकर थांबतो, ६ आला असेल तर घेतो. म्हणजे समोरच्याचं बघून मग चाल, आपल्या तीन पत्तीत शेवटी बोलणाऱ्याला जो फायदा तोच. डीलरला यात स्वतःचं काहीच ठरवायचं नसतं, तक्ता पाठ असतो, झोपेत विचारला तरी सांगेन.

म्हणून बँकर जास्त वेळा जिंकतो. मास्तरांच्याच आकड्यात ४,५८६ वजा ४,४६२ म्हणजे १२४ डाव जास्त. कमिशन नसतं तर बँकरवर १०० लावत बसणारा दहा हजार डावांत १२,४०० कमावून गेला असता आणि कॅसिनो बंद पडला असता. तेच १२४ डाव प्लेअरवाला हरतो, म्हणून प्लेअरचा एज १.२४ टक्के. बँकरवर ५ टक्के कापले की ४,५८६ वेळा ९५ मिळतात, ४,४६२ वेळा १०० जातात, आणि साडेदहा हजारांचा तोटा राहतो. तोच तुमच्या मित्राचा १.०६.

लाल-निळ्या गोलांचं बोलायचं तर त्याला बिग रोड म्हणतात, लाल बँकर, निळा प्लेअर. मी माणसं बघितलीत जी वहीत रोड उतरवून घ्यायची, सहा लाल आले की सगळं टेबल लालवर चढायचं. पुढचा डाव शूमधल्या, म्हणजे पत्ते काढायच्या पेटीतल्या, उरलेल्या पत्त्यांवर ठरतो, गोलांवर नाही. एकदा एक वयस्कर काका, माझ्या वडिलांच्या वयाचे, रात्री तीनला मला विचारत होते की बाळा आता निळा येणार ना. मला उत्तर द्यायची परवानगी नव्हती आणि ते अजून मनात आहे.

पुणेकर_वाटसरू

दादा खूप खूप आभार, मास्तर तुमचेही. टायचा हिशोब वाचून खरंच हात थंड पडले, मी त्याला किरकोळ समजत होतो. पण मग ब्लॅकजॅकसारखे पत्ते मोजून नाही का चालत यात? आणि डबलवाल्या मित्राला काय सांगू, तो तर त्या रात्री १,८०० जिंकून उठला.

गणित_मास्तर

पत्ते मोजायचा विचार मोठ्या लोकांनी करून झालाय. ब्लॅकजॅक ज्याने फोडला त्या एडवर्ड थॉर्पनेच १९६० च्या दशकात विल्यम वाल्डेनबरोबर बॅकराचाही अभ्यास केला होता. निष्कर्ष असा की गेलेल्या पत्त्यांमुळे शक्यता हलतात, पण बँकर-प्लेअरच्या मुख्य बेटमध्ये इतक्या थोड्या की हातात काही येत नाही. पोकरपटू फिल आयव्हीने २०१२ साली लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये ७७ लाख पौंड जिंकले ते मोजून नव्हेत, पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक ओळखून, आणि तेही त्याला मिळाले नाहीत, २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ती फसवणूकच ठरवली.

डबलचं मित्राला कागदावर करून दाखवा. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, सात डाव ओळीने गेले की ६३,५०० गेले आणि आठवा ६४,००० चा लावायचा, कशासाठी तर ५०० साठी. टेबलची कमाल मर्यादा बहुतेक त्याच्या आधीच आडवी येते. आणि तो बँकरवर डबल करत असेल तर अजून एक गोष्ट त्याने बघितलेलीच नाही, कमिशन. पाच डाव हरून सहाव्याला जिंकला तर १६,००० चे मिळतात १५,२००, आणि तोपर्यंत गेलेत १५,५००, म्हणजे जिंकूनसुद्धा ३०० खाली! सातव्याला जिंकला तर १,१०० खाली. २४० डावांच्या एका रात्रीत कुठेतरी सलग सात हार येण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे, मी टाय सोडून हिशोब केला तेव्हा साधारण ५४ टक्के आली. त्या रात्री ते सात आले नाहीत म्हणून तो १,८०० घेऊन उठला, आणि नेमकी हीच माणसं पुढच्या खेपेला जास्त पैसे घेऊन जातात, मला त्याची काळजी वाटते.

ठाण्याची_मीनल

मास्तर, एक भर घालते, मी टॅक्सचं काम करते. एवढं सगळं १.०६ आणि १.२४ मोजताय पण कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा ४० टक्के झालाय, आणि तो चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर लागतो, जिंकलात का हरलात त्याचा संबंध नाही. तो पॅकेजमध्ये धरलेला असतो की वरून घेतात ते काउंटरवर आधी विचारून घ्या. जिंकलेल्यावर ३० टक्के इन्कम टॅक्स वेगळा, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. आणि प्लीज, कोणी हे वाचून मोबाईलवर लाईव्ह बॅकराच्या अ‍ॅपवर जाऊ नका, २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाईन गेम बंदच केलेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने ‘पुढचा डाव सांगणाऱ्या’ टेलिग्राम ग्रुपला फी भरून दोन महिन्यांचा पगार घालवला, त्याच्या आईचा फोन मला आला होता.

पुणेकर_वाटसरू

ताई हे तर माहीतच नव्हतं. शेवटचा एकच प्रश्न, शेजारच्या टेबलवर ‘नो कमिशन’ लिहिलेलं होतं, तिथे गर्दी पण जास्त होती. तिथे बसलो असतो तर ते ५ टक्के वाचले असते ना?

सावंतवाडीचो_झील

नाही रे भावा, पाटीखालचा नियम वाचलास का? बँकर ६ वर जिंकला तर अर्धेच पैसे देतात. दहा हजार डावांत बँकर ६ वर जिंकतो असे साधारण ५३९ डाव येतात. १०० च्या बेटला प्रत्येकी ५० कापले म्हणजे २६,९५० गेले. आणि ५ टक्क्यांच्या टेबलवर ४,५८६ डावांचे पाच-पाच रुपये म्हणजे २२,९३०. त्या टेबलचा बँकर १.४६ टक्क्यांचा पडतो, प्लेअरपेक्षाही महाग. गर्दी असायची कारण प्रत्येक डावाला कापलेलं डोळ्यांना दिसतं आणि अधूनमधून येणारा ६ कोणाच्या लक्षात राहत नाही. मी स्वतः त्या टेबलवर वर्षभर वाटलेत पत्ते, ६ आला की लोक डीलरच्या तोंडाकडे बघायचे.