मदत हवी आहे : पित्ताशयात आधी दाह, आधी श्लेष्मा की आधी खडा?

माझ्या आईचे (वय 58) पित्ताशय गेल्या महिन्यात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढावे लागले. पॅथॉलॉजीच्या अहवालात दीर्घकालीन दाह, जाड झालेली भिंत आणि कोलेस्टेरॉलचे अनेक खडे अशी नोंद आहे. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत खडा एकही नव्हता. ‘गाळ’ एवढाच शब्द होता आणि आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही, याची मला आजही खंत वाटते. आता बाळंतपणानंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या सोनोग्राफीत तोच शब्द आला आहे.

खडा पित्ताशयाच्या नलिकेत अडकतो, पित्त तुंबते आणि मग दाह होतो, अशी माझी समजूत होती. तीव्र दाहाच्या बहुसंख्य रुग्णांत तसे घडतेही. पण मुळात खडा का धरतो, हे वाचू लागल्यावर चित्र बदलले. पित्तातच असलेल्या पित्तक्षार आणि लेसिथिन या घटकांना विरघळवता येईल त्याहून अधिक कोलेस्टेरॉल पित्तात असले, की त्याचे स्फटिक बनू शकतात. अ‍ॅडमिरँड आणि स्मॉल या संशोधकांनी 1968 मध्ये या तिन्ही घटकांचे प्रमाण त्रिकोणी आलेखावर मांडले. तरीही असे पित्त असणाऱ्या अनेकांना खडे होत नाहीत. इथे श्लेष्म्याचा, म्हणजे अस्तरावरील बुळबुळीत स्रावाचा, आणि त्यातील म्युसिन या प्रथिनाचा संबंध येतो. शर्करेच्या साखळ्यांनी लगडलेले हे मोठे प्रथिन पित्ताशयाच्या अस्तरातील पेशी स्रवतात आणि एरवी ते त्याच अस्तराचे पित्तक्षारांपासून रक्षण करते. मात्र त्याचे प्रमाण वाढले की त्याचा चिकट थर होतो, त्यात कोलेस्टेरॉलचे स्फटिक लवकर धरतात आणि पित्ताशय आकुंचन पावले तरी ते बाहेर पडत नाहीत. सोनोग्राफीतला ‘गाळ’ म्हणजे बहुधा हाच श्लेष्मा, त्यातले स्फटिक आणि कॅल्शियम बिलिरुबिनेटचे कण.

प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातील प्राण्यावर 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिल्यावर श्लेष्म्याचा स्राव खडे दिसण्याआधीच वाढला, आणि अ‍ॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने तो रोखल्यावर खडेही झाले नाहीत. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, आणि प्रोस्टाग्लँडिन तर दाहातील प्रमुख रसायनांपैकी एक आहे. पित्ताशयाच्या पेशींवरील प्रयोगांतही टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनामुळे ‘एमयूसी5एसी’ या प्रकारचे म्युसिन वाढलेले दिसले आहे. म्हणजे दाहाने श्लेष्मा, श्लेष्म्याने खडा आणि खड्याने पुन्हा दाह, असे चक्र मानावे का? तसे असेल, तर खडा दिसण्याआधीच्या सौम्य दाहाची सुरुवात कशाने होते? अतिसंपृक्त (विरघळण्याच्या मर्यादेहून अधिक कोलेस्टेरॉल असलेल्या) पित्तातले कोलेस्टेरॉलच भिंतीत शिरून ती चेतवते का?

बहिणीला पोटदुखी, ताप किंवा कावीळ यांपैकी काहीही नाही. गरोदरपणातील गाळ बाळंतपणानंतर बहुतेकदा आपोआप नाहीसा होतो, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले असून तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आहे. अ‍ॅस्पिरिन किंवा दुसरे कोणतेही औषध आम्ही मनाने देणार नाही. त्या तपासणीत गाळाखेरीज भिंतीची जाडी आणि जेवणानंतर पित्ताशय किती रिकामे होते, हेही पाहून घेण्याची विनंती करावी का? पित्ताशयाचे विकार हाताळणाऱ्या किंवा पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. आईच्या दोन्ही अहवालांतील आणखी काही तपशील हवा असल्यास तो मी येथे लिहीन.