मदत हवी आहे: 1968 ची फियाट आहे तशी जपावी की पूर्ण नवी करून घ्यावी?

वाईकर_पुण्यात

वाईच्या घरी शेडमध्ये आजोबांची फियाट 1100 डी उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, आरसीवर साल 1968. आजोबा डॉक्टर होते. भुईंजपासून पाचगणीपर्यंत व्हिजिटला हीच गाडी. पुढे बाबांनी चालवली, मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडीवर ताडपत्री पडली. वाटणीत आता ती माझ्याकडे आली आहे.

अवस्था अशी: रंग राखाडी-निळा. टप आणि बॉनेटवर उन्हाने इतका मेलाय की बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. ड्रायव्हरच्या दाराची काचेखालची कड, जिथे आजोबा कोपर टेकवायचे, तिथला रंग जाऊन प्राइमर दिसतो आणि मधोमध नुसता पत्रा. तो तपकिरी पडलाय, पण हाताला गुळगुळीत लागतो. पुढच्या सलग सीटचं रेक्झिन शिवणीवर उसवून काथ्या बाहेर आलाय. बंपरच्या क्रोमवर बारीक पुरळ आहे. इंजिन फिरत नाही, निदान मी फिरवून पाहिलेलं नाही.

ओळखीच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, सगळी उघडायची, पत्र्यापर्यंत घासायची, टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग, नवं क्रोम, नव्या सीटा. साडेतीन लाख. धाकट्या भावाला ती लाल-क्रीम करून लग्नांना भाड्याने द्यायची आहे. आईचं एकच, ‘दारात भंगार नको.’ मला ती कोपराची जागा घासून टाकायची कल्पनाच सहन होत नाही, पण हा नुसता हळवेपणा आहे का, तेही कळत नाही. परदेशात हल्ली जुना रंग तसाच ठेवतात असं वाचलं. आपल्या हवेत ते टिकतं का? जाणकारांनी सांगावं.

काळीपिवळी

हळवेपणा नाही. घासलेला रंग परत आणता येत नाही. साडेतीन लाख द्यायला मात्र पुढच्या वर्षीही जाता येईल. म्हणून आधी काहीच करू नका.

परदेशाचं म्हणाल तर वारं खरंच फिरलंय. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत वर्षानुवर्षं आरशासारख्या चकचकीत गाड्याच पहिल्या यायच्या. 2024 मध्ये सर्वोत्कृष्ट गाडीचा मान 1934 च्या बुगाटी टाइप 59 ला मिळाला. रिस्टोअर न केलेली, जपणूक विभागातली गाडी तिथे अव्वल ठरण्याची ती पहिलीच वेळ. 2015 मध्ये पॅरिसच्या लिलावात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडलेली फेरारी धुळीसकट दीड कोटी युरोच्या वर गेली. तुमच्या फियाटला कोणी युरो देणार नाही, ते सोडा. मुद्दा इतकाच की मूळ रंग राखणं हा आता विक्षिप्तपणा मानत नाहीत.

आधी एक करा. डिकीतलं रबरी मॅट उचला, दारांची रबरं बाजूला करून बघा. मूळ रंग तिथे सापडेल. बाहेरचा रंग तोच आहे का? लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

तेरा_नंबरचा_पाना

वरच्यांचं पटतं, पण एक गोष्ट ठळक सांगतो. गंज म्हणजे पॅटिना, म्हणजे वयाने आलेली जुनी झळाळी, नव्हे. या फियाटला वेगळी चासी नाही. 1953 साली इटलीत हे मॉडेल आलं तेव्हापासून बॉडीच चासीचं काम करते. त्यामुळे फ्लोअर किंवा दाराखालचा सिल सडला असेल तर गाडीचा कणाच सडला. तिथे आठवणी वगैरे चालत नाहीत.

स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि खालून टोचत जा: पायाखालचा फ्लोअर, दोन्ही सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर. टोक आत गेलं की खडूने खूण.

इंजिनला स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवा. टाकीतलं पेट्रोल एव्हाना चिकट झालं असेल, टाकी उतरवून धुवावी लागेल. आणि रबराचा एकही तुकडा जुना ठेवू नका. पेट्रोलचे पाइप, पंपाचा डायफ्रॅम, ब्रेकच्या वाट्या, होस, सगळं नवं. आता पंपावर मिळतं त्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्या काळचं रबर टिकत नाही. पसरणीचा घाट उतरायचा तर चारही ड्रम उघडलेच पाहिजेत. हे दिसत नाही, त्यामुळे तुमच्या पॅटिनाला धक्का लागत नाही.

रत्नांग्रीकर

मी विरुद्ध बाजूचा. सासऱ्यांची पद्मिनी आम्हीही ‘आहे तशी जपू’ म्हणून ठेवली होती. वरून छान दिसायची. दोन पावसाळ्यांत दाराचा खालचा पत्रा हातात आला. शेवटी उघडून पूर्ण केली, आज रोज चालते आणि घरात सगळे खूश आहेत.

आणखी एक, रागावू नका. तुमचे आजोबा असते तर त्यांनी कधीच नवा रंग मारून घेतला असता. त्या पिढीत गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. रंग उडालेली गाडी त्यांना लाजेची वाटायची. उडालेला रंग आपल्याला आवडतो, त्यांना नाही.

वाईकर_पुण्यात

रत्नांग्रीकर, हे मनाला लागलं, कारण खरं आहे. शनिवारी जाऊन आलो. डिकीच्या मॅटखाली रंग बराच गडद निळा आहे. बाहेरचा तोच, पण उडालेला. डावा पुढचा मडगार्ड मात्र वेगळा, चुंबक घसरतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, घाटात बैलगाडीचं जू लागलं होतं, आजोबांनी आठवड्यात रंगवून आणली. म्हणजे त्यांनी खरंच नवा रंग मारून घेतला होता!

स्क्रू-ड्रायव्हर ड्रायव्हरच्या पायाखाली सरळ आरपार. डावा सिल मऊ. उजवा ठणठणीत. मडगार्डचा तो रंग मूळ धरायचा की नाही?

काळीपिवळी

मूळ नाही, पण गाडीच्या आयुष्यातला आहे. लांबी फुगली नसेल तर हात लावू नका. फुगली असेल तर तेवढाच मडगार्ड करा, आणि रंग डिकीतल्या गडद निळ्याशी नाही, शेजारच्या दाराशी जुळवा. पेंटर कुरकुरेल. ‘साहेब, जुना रंग कोण बनवतं?’ म्हणेल. छोट्या पत्र्यावर नमुना मारून घ्या, उन्हात दाराशेजारी धरून बघा, मगच पुढे.

बाकी बॉडीला सौम्य साबण, भरपूर पाणी, मऊ कापड. रबिंग कंपाउंड अजिबात नको. टपावरचा रंग आधीच पातळ आहे, दोन हातांत प्राइमर निघेल. पूड पुसून साधं मेण लावा, पावसाळ्याआधी आणि नंतर. कोपराच्या जागेलाही मेणच. कोणी वरून पारदर्शक लॅकर मारा म्हणेल. नको, त्याखाली ओल अडकून गंज पसरतो आणि मग लॅकर काढताना जुना रंगही जातो. जवसाच्या तेलाचे व्हिडिओही बघाल. ते चिकट होतं, धूळ धरतं, पिवळं पडतं. क्रोमवर पोळ्या गुंडाळायचा ऍल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून घासा, पुरळ बरंच जाईल.

सीटचं रेक्झिन फेकू नका. चांगला कुशनवाला आतून पट्टी लावून उसवलेली शिवण धरतो, काथ्या नवा भरतो.

तेरा_नंबरचा_पाना

फ्लोअर आणि डावा सिल कापून नवा पत्रा मिग वेल्डिंगने. वरून पॅच ठोकून डांबर फासणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. काम खालून, बाहेरच्या रंगापर्यंत उष्णता जाऊ न देता, ओलं फडकं लावून. पोकळ भागांत शेवटी पातळ मेण फवारून घ्या. रत्नांग्रीकरांच्या गाडीत बहुधा तेच राहिलं होतं.

रत्नांग्रीकर

राहिलं होतं. मान्य.

जुनी_पाटी

कागदांचं बघा. 2021 च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी. शुल्क 20,000, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला 5,000. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच. रोजचा वापर नाही, व्यावसायिक तर नाहीच. म्हणजे भावाचा लग्नाचा धंदा त्यात बसत नाही. लाल-क्रीम केली तर आरसीवर रंगबदलाची नोंदही लागेल. साधी नोंदणी पुढे चालू ठेवायची की व्हिंटेजमध्ये जायचं, ते गाडीला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आणि आत्ताचे फोटो सगळ्या बाजूंनी काढून ठेवा. नवी हाय सिक्युरिटी पाटी आली की हाताने रंगवलेली काळी पाटी फेकू नका, डिकीत ठेवा.

वाईकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. ठरलं: फ्लोअर, सिल, ब्रेक, इंधनाचे पाइप नवे, बाहेरून मेण आणि मडगार्डची वाट बघणं. आईला सांगितलं, नुसती धुऊन पुसली तरी ओळखू येणार नाही. ती म्हणते, बघू. भाऊ फुगलाय.

दोन शंका राहिल्या. मागच्या काचेवर आजोबांचा तांबडा क्रॉस आहे, उडून नारिंगी झालेला. ठेवू का? आणि गाडी पुण्याला दोरी बांधून आणता येईल का?

जुनी_पाटी

रस्त्यावर क्रॉस दिसू देऊ नका. 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने ते चिन्ह राखीव आहे, खरं तर डॉक्टरांनाही नाही. काच तशीच ठेवा, बाहेर नेताना त्यावर कागद चिकटवा.

तेरा_नंबरचा_पाना

दोरी अजिबात नको. ब्रेक नाहीत आणि वाटेत खंबाटकी आहे. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. सिल मऊ आहे, तेव्हा पट्टा बॉडीला नाही, चाकांना बांधायला सांगा.