विद्यापीठात पहिली मैत्री कशी जुळली? तुमचे अनुभव लिहा

सोलापूरजवळ केगावच्या आपल्या विद्यापीठात यंदा नव्याने आलेली एक मुलगी परवा म्हणाली, "दोन महिने झाले, डबा एकटीच खाते." मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. २००४ मध्ये फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी सुरू झालेलं हे विद्यापीठ. तरी करमाळ्याच्या पोरीला सोलापूर शहराचा तेलुगू बोलणारा पूर्व भाग परका वाटतोच. तिच्यासाठी लिहा. सुरुवात मी करते.

करमाळा, एमएस्सी
वर्गातल्या चौघीजणी मधल्या सुट्टीत आपसात तेलुगू बोलायच्या. यंत्रमागावर, विड्यांवर चालणाऱ्या घरातल्या मुली. मला वाटायचं, मुद्दाम मला टाळतात. एकदा डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. शेजारची वाकून म्हणाली, "कुटलेली हाय का गं? तेल सुटलंय बघ कसं." मी डबा पुढे केला. तिने भाकरी मोडली, मांडीवर सांडलेला चुरासुद्धा वेचून चटणीला लावून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्याबरोबर हाक आली, "तिंदाम रा!" म्हणजे, चल, जेवू या. मला आलेलं पहिलं तेलुगू. त्या कुणाला टाळत नव्हत्या, घरची भाषा बोलत होत्या, एवढंच. माझे दोन महिने मात्र त्या गैरसमजात गेले, याचं अजून वाईट वाटतं.

अक्कलकोट, एमकॉम
मी रोज एसटीने जाऊन-येऊन. तास सुटला की स्टँड गाठायचा, तिथून दुसरी गाडी. मैत्री तर तास सुटल्यावरच होते! शेवटी बुधवारी उशिराच्या गाडीने जायचं ठरवलं, घरी तसं सांगून ठेवलं. माझे दोन्ही जिवाभावाचे मित्र त्या बुधवारांतले.

सांगोला, वसतिगृह
माझं जानेवारीपर्यंत कुणाशीच जमलं नव्हतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एकटाच नंदीध्वज बघत उभा होतो. पांढऱ्या बाराबंदीतला एकजण ओरडला, "तू आमच्या वर्गात हाईस की! ये की इकडं!" संध्याकाळी त्याच्या घरी जेवलो. त्याच्या आईशी मराठीत बोललो, आजीशी खुणांनी; तिला कन्नडच येतं.

बार्शी, एमए
मला दुसऱ्या वर्षी मैत्रीण मिळाली. पहिलं वर्ष जड गेलं, खोटं कशाला सांगू. ताई, मी दुपारी एकला लायब्ररीच्या पायऱ्यांवर डबा खाते. सोमवारी ये. जागा धरून ठेवते.